शुक्रवारी उतरायचं घर

यमुनामावशींनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडून. मी पायाळू. आमच्या वाडीतल्या घरात भर दुपारी आधी माझा एक पाय आला, मग दुसरा, आणि तिथंच सगळं अडलं. त्या वेळी मावशी आमच्या भागाच्या नर्सबाई होत्या. त्यांनी आईला धीर देत देत बाकीचा मी सुखरूप बाहेर काढला. त्यामुळे आमची पहिली ओळख मला आठवत नसली तरी त्यांना नीट आठवते. अजूनही मी समोर दिसलो की म्हणतात, "आला का पायाळू? यायची बी घाई, जायची बी घाई."

ते खरंच आहे. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी एका जागी टिकलो नाही. चिक्कीच्या दुकानात राहिलो, कुसगावला हॉटेलात राहिलो, धरणाच्या रस्त्यावर कणसांची गाडी लावली. आता चार वर्षं राजस्थानात सोलरच्या साइटवर आहे. तिथं मला मावशींच्या अमृतमहोत्सव समितीच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या पत्नीचा जीव मावशींनी वाचवला. गौरवग्रंथासाठी त्यावर चार ओळी लिहून पाठवा." मी हो म्हणालो आणि मग आठ दिवस कागद कोराच राहिला. कारण चार ओळी लिहिल्या असत्या तर त्यात मावशींचं कौतुक आलं असतं, पण खरं आलं नसतं. म्हणून लांबलेलं लिहितो आहे. या ग्रंथात शिकलेली, मोठी माणसं लिहिणार आहेत. त्यांच्यात माझं वेडंवाकडं चालवून घ्यावं.

मावशींचं काम नीट कळायला आमचा रस्ता माहीत पाहिजे. आमची वाडी भुशी धरणाच्या पलीकडं. दवाखाना अलीकडं, लोणावळ्यात. मधे एकच रस्ता. आडवारी जीपला पंधरा मिनिटं लागतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मात्र त्याच रस्त्यावर अख्खी मुंबई आणि अख्खं पुणं येऊन उभं राहतं. गाडीला गाडी लागते, माणसं भिजायला जातात आणि रस्ता संध्याकाळपर्यंत हलत नाही. आमच्या धंद्याचे ते दोन दिवस, आणि पोटुशा बाईच्या घरात धास्तीचेही तेच दोन.

यावर मावशींनी एक नियम काढला. पावसाळ्यात जिला नववा लागला असेल, तिनं शुक्रवारी ऊन उतरायच्या आत धरण ओलांडून खाली यायचं आणि सोमवारी वर जायचं. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं. नसतील तर मावशींच्या कुसगावच्या घरी. दोन खोल्यांचं घर, एका बाजूला किराणा दुकान, दुसऱ्या बाजूला हॉटेलची भिंत. आतल्या खोलीत दोन खाटा कायम घातलेल्या. त्या रिटायर झाल्या, उपकेंद्रात नवीन सिस्टरबाई आल्या, तरी खाटा हलल्या नाहीत. आमच्याकडं बायका नुसतं विचारतात, "कधी उतरायचंय?" कुठं ते कुणी विचारत नाही.

उतरताना एक पिशवी लागायची. धुतलेल्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे, टोपडं, दुपटं, गरोदरपणाचं कार्ड, रक्त द्यायला येतील अशा दोघांची नावं, जीपवाल्याचा नंबर. ही पिशवी नवऱ्यानंच भरायची, अशी मावशींची अट. नवऱ्याला समोर बसवायच्या, पिशवी स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या आणि तोंडी परीक्षा घ्यायच्या. "टॉवेल कुटं हाय? कार्ड कुटल्या कप्प्यात?" आमचा एक शेजारी अडखळला तेव्हा त्याची आई मधे बोलली, "अवो, बाप्या माणसाला काय ठावं?" मावशी म्हणाल्या, "मग कुनाला ठावं? ती कळा दील का टॉवेल हुडकील?" तो बिचारा पिशवी घरी नेऊन परत भरून आला.

त्यांचं काम दिवस राहायच्याही आधी सुरू व्हायचं. कुठं लग्न झालं की महिन्याभरात मावशी त्या घरी. नवीन सुनेचं रक्त तपासलंय का, गोळ्या सुरू केल्यात का, पोराची इतकी घाई कुणाला आहे, पोरीला का सासूला, हे सगळं सासूसमोर विचारायच्या. माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून चिक्कीचा पुडा आणि फॉलिक गोळ्यांची पाकिटं दिली. मी त्या वेळी चिक्कीच्याच दुकानात कामाला. सगळे हसले. मी म्हणालो, "मावशी, चिक्की मलाच?" त्या म्हणाल्या, "तुला कोन देतंय? तिच्यासाठी हाय. तू नुसता इकतोस, घरी कदी नेलीस का?" नेली नव्हती.

माझी बायको सारिका बेगडेवाडीची. तिला आई नाही. भाऊ आहे, भावजय आहे, पण भावजय कंपनीत कामाला जाणारी, दिवसभर घराला कुलूप. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करतात. सारिका पोटुशी राहिली तेव्हा हा विषय घरात निघाला की ती उठून मोरीत जायची आणि भांडी घासत बसायची. मावशींनी ते पाहिलं. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला आल्या, ओटी भरली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "हिचं म्हायेर कुसगावला हाय. कुनी विचारलं तर माझा पत्ता सांगा." सारिका तेव्हा रडली नाही, पण त्या दिवसापासून रक्ताची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागली. त्याआधी ती चहाबरोबर घ्यायची आणि मावशींना खोटं सांगायची.

खोटं म्हणजे हे असं, गोळीपुरतं. माझं तसं नव्हतं.

चार पावसाळ्यांमागची गोष्ट. सारिकाला नववा लागला होता. ठरल्याप्रमाणं शुक्रवारी मावशी स्वतः वर येऊन तिला घेऊन जाणार होत्या, कारण तिला एकटीला जीपमधे बसवायला त्या तयार नव्हत्या. माझी कणसांची गाडी तेव्हा जोरात होती. कणसं सोलायची, भज्याचं पीठ भिजवायचं, हे सगळं सारिका घरी बसून करायची. पुढचे दोन दिवस भरपूर गर्दी होणार हे सगळ्यांना दिसत होतं. मी मनात म्हणालो, दिवस भरायला अजून दोन आठवडे आहेत. हा एक रविवार जाऊ दे, पुढच्या शुक्रवारी नेऊ.

पण मावशींना हे सांगितलं असतं तर त्या आल्याच असत्या आणि माझी चांगली खरडपट्टी काढली असती. म्हणून शुक्रवारी सकाळी गाडीवरूनच मी त्यांना फोन केला. म्हणालो, "मावशी, तुमी नका येऊ. तिचा भाऊ आलता, बेगडेवाडीला घेऊन गेला."

"भावजय हाय का घरी?"

"रजा काढलीय तिनं."

"बरं झालं. पोरीला म्हायेर घडलं," मावशी म्हणाल्या. आवाजात आनंद होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

घरी मी काहीच बोललो नाही. आई आणि सारिका संध्याकाळपर्यंत मावशींची वाट बघत होत्या. पिशवी दारात होती, आणि ती सारिकानंच भरली होती. अंधार पडायला लागला तशी आई म्हणाली, "इसरल्या वाटतं. वय झालं आता." मी म्हणालो, "आसंल. फोन बी लागंना त्यांचा."

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला आईचा फोन आला. पाणी गेलं होतं, कळा सुरू होत्या. मी गाडी तशीच टाकून पळालो. वाडीतल्या बबनभाऊंची जीप आणली, सारिकाला मागं झोपवलं, आई उशाशी बसली. ॲम्ब्युलन्सला फोन केला, पण ती खालच्या बाजूला गर्दीत अडकली होती. आमची जीप धरण लागायच्या आधीच वळणावर येऊन थांबली. पुढं रस्ता बंद. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एक वाहन जेमतेम जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेत समोरासमोर गाड्या अडकलेल्या.

त्या कडेच्या गाड्या मी लावल्या होत्या. सकाळपासून शिट्टी मारून, हात करून, "या साहेब, इथं लावा, कणीस खा, आरामात भिजून या," असं म्हणून एकामागं एक मीच लावून घेतल्या होत्या. प्रत्येक गाडीचा रंग मला माहीत होता. माणसं चाव्या घेऊन पाण्यात जाऊन बसली होती.

तेव्हा मी मावशींना फोन केला. "मावशी, सारिका जीपमधे हाय. धरणाच्या वळनावर."

त्यांनी बेगडेवाडीचं काय, हे विचारलं नाही. "कळा किती येळानं येत्यात?" एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "डाव्या कुशीवर झोपव. मी निघाले."

त्या वेळी मावशींचं वय एकाहत्तर. कुसगावहून रिक्षानं जिथवर येता आलं तिथवर आल्या आणि तिथून गर्दीच्या उलट्या दिशेनं चढ चालत आल्या. दीड तासानं त्या मला दिसल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, एका हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातानं गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत येत होत्या. त्यांच्यामागं चार-पाच भिजलेली पोरं. वाटेत त्यांना दटावून सोबत आणलेली, मोटारसायकली उचलून बाजूला ठेवायला.

बाळ जीपमधेच झालं. मुलगा होता. तो रडला नाही. मावशींनी त्याला पुसलं, पाठ चोळली, तळवे चोळले, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळून माझ्या आईच्या मांडीवर दिलं आणि तोंड फिरवलं, कारण सारिकाचं रक्त थांबत नव्हतं. त्या तिचं पोट चोळायला लागल्या आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

आईनं हंबरडा फोडला. म्हणाली, "मावशी, शुक्रवारी का न्हाई आला तुमी? आमी वाट बगत व्हतो!"

मी जीपच्या दाराशी उभा होतो. मावशींनी माझ्याकडं एकदा पाहिलं. एकदाच. मग हात न थांबवता म्हणाल्या, "चुकलं माझं." आणि मला म्हणाल्या, "तू काय बगतोस? गाड्या हालव."

मी पाण्यात जाऊन माणसं शोधली. पाया पडून चाव्या मागितल्या. त्या पोरांनी एक गाडी तर उचलूनच सरकवली. रस्ता झाला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की असं पोट धरून ठेवलं नसतं तर बाई वाटेतच गेली असती. सारिका वाचली ती अशी. समितीच्या बाईंना एवढंच माहीत आहे, आणि गावालाही एवढंच.

त्यापुढचं मावशींचं काम मात्र मला जीव वाचवण्याइतकंच मोठं वाटतं, म्हणून सांगतो. सारिका घरी आली तेव्हा घरात काय करायचं हे कुणालाच कळेना. पाळणा नाही, शेगडी नाही, बारसं नाही. आईनं तिला सगळ्यांसारखं भाकरी-कालवण वाढलं. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. अंगात ताप, छाती दगडासारखी, आणि बोलायची सोय नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. मावशी आल्या, त्यांनी ताट बघितलं आणि आईला चुलीपाशी नेलं. म्हणाल्या, "बाळ न्हाई म्हनून ही बाळंतीन न्हाई का? अंगानं तर ती बाळंतीनच हाय. डिंकाचं लाडू कर. हाळिवाची खीर कर. सवा महिना हिला काम न्हाई."

आई म्हणाली, "लोक काय म्हनतील? कशाचं लाडू?"

"लोकांस्नी म्हनावं यमुना खातीया."

आणि खरंच रोज येऊन सारिकाच्या शेजारी बसून अर्धा लाडू त्या स्वतः खायच्या, म्हणजे उरलेला अर्धा ती खायची. गार पाण्याच्या पट्ट्या कशा ठेवायच्या ते त्यांनी तिला शिकवलं. दूध आपोआप कमी होईल हे सांगितलं. बाळाचं नाक कुणासारखं होतं, केस किती होते, हे तिला विचारू दिलं आणि सगळ्याची उत्तरं दिली. आम्ही कुणी ते उच्चारतही नव्हतो.

आणि याच दिवसांत गावात दुसरंच पसरत होतं. मावशी शुक्रवारी यायच्या होत्या, विसरल्या. पोर गेलं. त्यांच्या भरवशावर राहू नका. आईनं हे दळण दळायला गेल्यावर सांगितलं, तिथून ते चार वाड्यांत गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या वाडीतली एकही बाई कुसगावला उतरली नाही. दोन्ही खाटा रिकाम्या राहिल्या. एका बाईला पंधरा दिवस आधीच लांब नणंदेकडं नेऊन ठेवलं, तिथं तिचे हाल झाले. हे सगळं मला फोनवर कळत होतं. कारण मी सवा महिना संपायच्या आधीच काम बघतो म्हणून निघालो होतो. माणसं विचारायची, इतक्या लांब कशाला गेलास? मी म्हणायचो, पगार बरा आहे.

यंदा सारिका पुन्हा पोटुशी आहे. मी सुट्टीला आलो होतो त्यानंतर दिवस राहिले. नववा लागला तसं मी फोनवर म्हणालो, "शुक्रवारचं मावशींकडं बघ." तर ती म्हणाली, "नको. मावशी मायेच्या हायेत, माझ्या आईवानी हायेत. पर त्या इसरतात. पुन्हा इसरल्या तर?"

माझ्या खोट्यानं तिचं एक माहेर नेलं होतं हे मला तेव्हा कळलं. मी तिला सगळं सांगितलं. कणसं, फोन, बेगडेवाडी, गाड्या. तिनं फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही.

त्या दोन दिवसांत मी मावशींना फोन केला.

"कोन, पायाळू का? सारिकाचं रक्त किती भरलं?"

मी म्हणालो, "मावशी, ग्रंथात लिहायला सांगितलंय. मी खरं लिहिनार हाय. त्या शुक्रवारचं."

"लिही की. सारिकाला इचारून लिही."

"तवा तुमी बोलला का न्हाई? चुकलं माझं म्हनालात."

"आरं, तुझ्या आईला कळलं असतं तर तिनं तितंच तुझं टाळकं फोडलं असतं. मला तवा हात पायजे व्हते, भांडान नको व्हतं."

"आन् नंतर?"

त्या मग म्हणाल्या, "नंतर सांगायचं काम तुझं व्हतं. मी वाट बगितली रं. तू तर निगूनच गेलास."

रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साध्या आवाजात म्हणाल्या.

तर या ग्रंथाच्या निमित्तानं, जे वाचतील त्या सगळ्यांना, आणि विशेषतः वरच्या वाड्यांतल्या आयाबहिणींना सांगतो: यमुनामावशी त्या शुक्रवारी विसरल्या नव्हत्या. त्या कधीच विसरल्या नाहीत. त्यांना मी येऊ दिलं नाही. आईला हे मी आधी फोनवर सांगितलं आहे. ती ज्या गिरणीत बोलली होती, तिथं जाऊन तिनं ते परत घेतलं. माझ्याशी ती अजून बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी सारिकाचा फोन आला. म्हणाली, "लिहा. माझं नाव घाला. मी शुक्रवारी मावशींकडं उतरतेय." मला बरं वाटलं. मी म्हणालो, "पिशवी भरलीस का?"

ती म्हणाली, "मी न्हाई भरनार. ती नवऱ्यानं भरायची आसती."

मी सुट्टी मागितली. साहेब नाही म्हणाले, मग काम सोडलं. काम सोडायची मला सवयच आहे, पण घरी जायला सोडलं ते पहिल्यांदा. गुरुवारी लोणावळ्यात पोचतो. हे लिहितानाच एका बाजूला यादी काढतो आहे: सुती तुकडे, टोपडं, दुपटं, कार्ड, दोघांची नावं. दुसरं नाव माझंच आहे, रक्तगट तपासून घेतला. पिशवी मावशी मांडीवर घेतील आणि विचारतील. ते मी पाठ करतो आहे.

आदरणीय यमुनामावशींना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे त्या चढावरून आल्यापासून दुखतात, हे त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून मीच इथं सांगतो. ते गुडघे बरे राहोत. त्यांची नजर, त्यांचे हात आणि त्यांची ती खरमरीत जीभ पुष्कळ वर्षं शाबूत राहो. आतल्या खोलीतल्या दोन्ही खाटा दर पावसाळ्यात भरलेल्या असोत. आणि दर शुक्रवारी त्यांच्या दारात कुणीतरी नवरा हातात पिशवी घेऊन, घाबरून, परीक्षेला उभा असो. या खेपेला तो मी आहे.